अटक कधी सुरू होते?

अटक म्हणजे कायद्याच्या अधिकाराने माणसाचे हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य काढून घेणे. पोलिसांच्या हाती जे अधिकार आहेत, त्यांत हा सर्वांत रोजचा आणि सर्वांत जड. अटक झालेल्या माणसाची नोकरी, गावातली पत, घरातली चूल एका नोंदीवर लटकते, आणि हे सगळे गुन्हा शाबीत होण्याच्या कितीतरी आधी घडते. म्हणूनच संविधानाने हा प्रश्न पोलिसांच्या मर्जीवर सोडलेला नाही. अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेचा आधार सांगावा लागतो, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे कायदे याला अपवाद आहेत. बारीकसारीक कार्यपद्धती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते. तिच्यातली अटकेची बहुतेक कलमे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलीच, फक्त क्रमांक बदललेली आहेत. कलम ४१ चे ३५ झाले, ५० चे ४७, ५७ चे ५८ आणि १६७ चे १८७. ठाण्यातले जुने हवालदार आजही बोलताना जुनेच आकडे वापरतात.

ही कलमे ठाण्याच्या टेबलामागून वेगळी दिसतात आणि समोरच्या बाकड्यावरून वेगळी. पुढच्या संवादात पहिली बाजू आयुष्य तपासात घालवलेल्या एका निवृत्त पोलीस निरीक्षकाची आहे, दुसरी फौजदारी न्यायालयात आरोपींची बाजू मांडणाऱ्या एका वकिलांची. दोघांचे मुद्दे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका न्यायालयाच्या आवारात ऐकायला मिळतात.

पहिला प्रश्न अटक करावी की नाही हा. निरीक्षकांचे म्हणणे असे: “मॅडम, ठाण्यात फिर्यादी बसलेला असतो. त्याच्या मुलाचं डोकं फुटलेलं. ज्यानं फोडलं तो समोरच्या पानटपरीवर उभा. मी त्याला नोटीस देऊन घरी पाठवला, की फिर्यादी म्हणणार साहेबांनी पैसे खाल्ले. संध्याकाळी पन्नास माणसं ठाण्यावर येतात. वरून फोन येतो. अटक केली की सगळं शांत होतं.”

“साहेब, फिर्यादीचा राग खरा आहे,” वकील म्हणतात, “पण जमाव शांत करणं हे अटकेचं कारण म्हणून कलम ३५ मध्ये कुठं आहे? तिथं पाच कारणं आहेत. पुन्हा गुन्हा होऊ नये, तपास नीट व्हावा, पुरावा नष्ट होऊ नये, साक्षीदारांना धमकी किंवा आमिष दिलं जाऊ नये आणि न्यायालयात हजेरीची खात्री राहावी. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात यांतलं एक तरी कारण हवं, आणि ते लेखी हवं.”

कायदा इथे खरोखरच वकिलांच्या बाजूने आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या दखलपात्र गुन्ह्यात गुन्हा केल्याचा वाजवी संशय एवढे अटकेला पुरत नाही. अटक आवश्यक का, हे अधिकाऱ्याला लिहावे लागते. आणि अटक केली नाही तर का केली नाही, हेही लिहावे लागते. अटकेची गरज नसेल तेव्हा कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगायचे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला, अटक का हवी याची कारणे लिहून ठेवल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. नव्या संहितेत एक चांगली भर पडली आहे. तीन वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजाराने जर्जर असेल, तर उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याला अटक करता येत नाही.

नोटिशीची तरतूद १ नोव्हेंबर २०१० पासून अमलात आहे, पण ठाण्यांना तिची खरी ओळख झाली ती २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने. अटकेच्या कारणांची तपासणी-सूची भरून ती दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावी, ती न पाहता कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर उच्च न्यायालयाने विभागीय कारवाई करावी, नियम मोडणारा पोलीस अधिकारी विभागीय कारवाईबरोबर न्यायालयाच्या अवमानालाही पात्र ठरावा, असे त्यात सांगितले गेले. त्याच्याही २० वर्षे आधी, १९९४ मध्ये, जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा अधिकार असणे आणि अटक समर्थनीय असणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. त्या निकालात राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालाचा आधार आहे. जवळपास ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, तुरुंगांवरच्या खर्चापैकी ४३.२ टक्के अशा अटकांपायी होतो आणि अटकेचा अधिकार हा पोलीस खात्यातल्या भ्रष्टाचाराचा एक मुख्य उगम आहे, असे त्या आयोगाने म्हटले होते. फिर्यादीला वाटते पैसे घेऊन सोडले. आयोगाच्या म्हणण्याची दुसरी बाजू अशी की पैसे मिळावेत म्हणूनही अटकेची भीती दाखवली जाते.

तरीही निरीक्षकांचा एक मुद्दा खोडता येत नाही. “तपासणी-सूचीत पाच रकाने आहेत. शिकलेला अंमलदार पाचही रकान्यांवर टिक करतो आणि मोकळा होतो. कारण तुम्ही विचारलंत ते, आम्ही लिहिलं ते. माणसाबद्दल त्यात काहीच नसतं.” छापील नमुना हा विचाराला पर्याय होऊ शकतो, हे त्यांनी आतून पाहिले आहे. अशा टिकांवर समाधान मानणारा दंडाधिकारी नसेल तरच सूचीला अर्थ उरतो.

दुसरा प्रश्न वरवर साधा आहे. अटक कधी झाली? सगळ्या वादाची गाठ खरे तर इथे आहे, कारण २४ तासांचे घड्याळ अटकेपासून चालू होते आणि अटकेची वेळ लिहिणारा हात पोलिसांचा असतो.

“चौकशीला बोलावलेला माणूस अटकेत नसतो,” निरीक्षक म्हणतात. “तो बसतो, चहा पितो, विचारलं त्याचं उत्तर देतो. त्याच्या बोलण्यात काही सापडलं, पडताळून पाहिलं, मग अटक. आधीच अटक केली असती तर तुम्हीच म्हणाला असतात, पुरावा नसताना आत टाकलं.”

“तो उठून घरी जाऊ शकतो का, साहेब? दारात शिपाई उभा आहे. मोबाइल तुमच्या खणात आहे. बायको बाहेर झाडाखाली बसली आहे आणि तिला कुणी सांगत नाही नवरा कुठे आहे. हे सकाळी अकरापासून चाललंय, आणि ठाणे दैनंदिनीत अटक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाची. मग ते मधले एकतीस तास कुठल्या कायद्याखाली गेले?”

उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये सीमाशुल्क विभागाच्या एका प्रकरणात दिले आहे. अधिकाऱ्याने कागदावर लिहिलेल्या वेळी अटक सुरू होत नाही. माणसाच्या स्वातंत्र्यावर प्रत्यक्ष बंधन आले की सुरू होते, असा त्याचा आशय. म्हणजे ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ या दोन शब्दांमध्ये पोलीस जी फट ठेवतात, ती कायद्याला मान्य नाही. मात्र प्रत्येक लांबलेली चौकशी म्हणजे अटक, असेही नाही. समन्सप्रमाणे आपण होऊन गेलेल्या माणसाबाबत न्यायालये तथ्ये पाहतात. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंमलबजावणी संचालनालयाच्या अटकेला दिलेले असेच एक आव्हान फेटाळले. पण त्याच निकालात मध्यरात्र उलटून गेल्यावरही जबाब घेत राहण्याच्या पद्धतीवर न्यायालयाने स्पष्ट नापसंती व्यक्त केली. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, जबाब दिवसाच्या वाजवी वेळात घ्यावेत, असे तिथे सांगितले गेले.

साक्षीदार म्हणून बोलावतानाही मर्यादा आहेत. कलम १७९ प्रमाणे स्त्रिया, १५ वर्षांखालची मुले, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना राहत्या घराखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे. हा नियम लोकांना माहीत नसतो, म्हणून म्हाताऱ्या आईबापांना मुलाच्या बदल्यात ठाण्यात आणून बसवण्याचे प्रकार घडतात. बापाला बसवला की मुलगा हजर होतो, हे खरे. पण असा बाप आरोपीही नसतो आणि साक्षीदारही नसतो, तो ओलीस असतो. याला कायद्यात काडीचाही आधार नाही, आणि निरीक्षकही त्याचे समर्थन करत नाहीत.

अटक झाली की तिचा आधार सांगायचा. कलम ४७ मधला ‘तात्काळ’ हा शब्द जुनाच आहे, पण सांगायचे म्हणजे कसे, यावर गेल्या काही वर्षांत कायदा झपाट्याने पुढे गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंकज बन्सल निकालाने मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखालील अटकेत आधार लेखी द्यावा असे ठरवले. मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ निकालाने तेच बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याला लावले. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार निकालाने आधार न सांगितलेली अटक बेकायदा ठरते हे सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केले. आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, मुंबईतल्या वरळी भागातल्या एका वाहन अपघाताच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कुठलाही गुन्हा असो, आधार लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत दिला पाहिजे.

“रात्री तीन वाजता महामार्गावर दरोडेखोरांची गाडी अडवली,” निरीक्षक विचारतात, “पाऊस चालू आहे, एकाच्या हातात कोयता आहे. तिथं मी टाइप करत बसू?”

न्यायालयाने ही अडचण ऐकली आहे. घटनास्थळी लेखी देणे शक्य नसेल तर तोंडी सांगावे, नंतर वाजवी वेळात लेखी द्यावे आणि कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी तरी तो कागद आरोपीच्या हाती असावा, अशी सोय त्याच निकालात आहे. दोन तासांचे कारण वकील सांगतात: “कोर्टाच्या दारात कागद हातात पडला तर मी तो वाचू कधी आणि कोठडीला विरोध कशाच्या जोरावर करू?”

आधार आणि कारण यांतला फरक पोलिसांना आणि पुष्कळदा वकिलांनाही नीट उमगलेला नसतो. ‘तपासासाठी आवश्यक’, ‘पळून जाण्याची शक्यता’ ही अटकेची सर्वसाधारण कारणे झाली; ती कुठल्याही आरोपीला लागू पडतात. आधार म्हणजे या माणसाने काय केल्याचा संशय आहे आणि तो कशावरून, हे. अमुक तारखेला अमुक दुकान फोडले, तिथल्या चित्रीकरणात तू दिसतोस, तुझ्या भावाच्या खोलीत त्यातला माल मिळाला, असे सांगितले तरच त्याला उत्तर देता येते. भाषेचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. ठाणे-भिवंडीच्या यंत्रमागांवर, पुण्याच्या बांधकामांवर, मुंबईच्या हॉटेलांत देशभरातली माणसे राबतात. त्यांच्यातल्या एखाद्याला मराठीत टाइप केलेला कागद देऊन खाली अंगठा घेतला, तर त्या अंगठ्याला काही अर्थ नाही. गडचिरोलीतल्या माडिया बोलणाऱ्या माणसाचीही हीच अवस्था होते, आणि तो तर आपल्याच राज्यात असतो.

अटकेच्या वेळच्या बाकीच्या औपचारिकता बव्हंशी १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आल्या. पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेच्या अध्यक्षांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून तो खटला उभा राहिला, आणि त्यातल्या अकरा सूचनांपैकी बऱ्याच आता कायद्यातच आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट नावपट्टी हवी. अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष आणि आरोपीची सही हवी. नातेवाईक किंवा मित्राला अटकेची आणि ठेवलेल्या जागेची खबर द्यायची आणि ती दिल्याची नोंद करायची. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी करून अंगावरच्या जखमा लिहायच्या. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी लागते. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांच्या हालांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे महिला पोलीस असे आदेश दिले, तेव्हापासूनची ही वाट आहे.

बेड्यांच्या बाबतीत मात्र नव्या संहितेने पोलिसांकडे एक पाऊल टाकले. १९८० च्या प्रेम शंकर शुक्ला निकालाने बेडी हा अपवाद ठरवला होता. आता कलम ४३(३) प्रमाणे सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, किंवा खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, अमली पदार्थ अशा यादीतल्या गुन्ह्यांचा आरोपी यांना बेडी घालता येते. तिथेही गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य पाहायचे आहे. सरसकट मुभा नाही.

चौकशीच्या खोलीत दोघांचे मतभेद सर्वांत तीव्र होतात. अनुच्छेद २०(३) प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालाने हे संरक्षण पोलीस चौकशीपर्यंत मागे नेले, आणि २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीवाचून नार्को, पॉलिग्राफ व मेंदू-तपासणी चाचण्या करण्यास मनाई केली. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना मात्र द्यावा लागतो. ते साक्ष देणे नव्हे, असे १९६१ मध्ये ११ न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले. कलम ३८ प्रमाणे चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते, पण पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही.

“पूर्ण वेळ वकील बसला तर चौकशी संपलीच,” निरीक्षक म्हणतात. “माणूस बोलतो तो एका क्षणी बोलतो. त्या क्षणी कुणी ‘उत्तर देऊ नको’ म्हणालं, की पळवलेली मुलगी कुठं ठेवली आहे ते कधीच कळत नाही. तुम्ही त्या मुलीच्या आईसमोर उभं राहून बघा.”

वकील थांबून उत्तर देतात. “त्या आईपुढे मलाही उभं राहता येणार नाही. पण चुकीचा माणूस पकडला असेल तर तो मारामुळे काहीतरी एक जागा सांगतो, तुम्ही तिकडे गाड्या पाठवता, आणि मुलगी दुसरीकडेच असते. माराच्या भीतीनं माणूस खरं बोलतो हे गृहीत धरलंय, साहेब. तो मार थांबेल असं बोलतो.”

भारतीय कायद्याने या वादात फार पूर्वीच एक बाजू घेतली आहे. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलिसांकडून होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ चा. त्यानंतरच्या काही वर्षांत, आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही असा नियम बसला. इंग्रज सरकारचा आपल्याच पोलिसांवर विश्वास नव्हता, हे त्यातून दिसते. स्वातंत्र्यानंतर तो नियम कुणी काढला नाही. आज तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्यालाच एक खिडकी आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. ‘मी त्याला मारले आणि कोयता विहिरीत टाकला’ यातले मारल्याचे वाक्य बाद आणि विहिरीतला कोयता पुराव्यात. मेमोरंडम पंचनामा म्हणतात तो हाच, आणि तपासाचा सगळा भर ह्या खिडकीवर पडल्यामुळेच पोलीस कोठडीची एवढी घाई असते. मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९, याने मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरला आहे. गंभीर गुन्ह्यांत कबुली जास्त विश्वासार्ह होते असे मानायला काही कारण नाही. दडपण मात्र तिथेच जास्त असते. म्हणून ही सवलत खटकते.

आता दंडाधिकारी. कलम ५८ प्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपी त्यांच्यापुढे हवा. या एका क्षणी पोलिसांचा शब्द, आरोपीचा देह आणि कायद्याचा डोळा पहिल्यांदा एकत्र येतात. संरक्षणे कितीही असोत, ती टिकतात की नाही ते इथे ठरते. आणि व्यवस्थेची सर्वांत मोठी दुबळी जागाही हीच आहे.

कोठडी मागताना पोलीस देतात त्या रिमांड रिपोर्टची भाषा ठरलेली असते. गुन्ह्यातला मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, साथीदारांचा शोध घ्यायचा आहे, गुन्ह्याची पद्धत समजून घ्यायची आहे, आरोपी तपासात सहकार्य करत नाही. “शेवटची ओळ बघा,” वकील म्हणतात. “सहकार्य करत नाही म्हणजे कबूल करत नाही. कबुली दिली नाही म्हणून असहकार म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय.” दंडाधिकारी आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? आदेशात बहुतेक वेळा तक्रार नसल्याची नोंद होते. हे उत्तर आरोपी ज्यांच्यामध्ये उभा राहून देतो, त्यांच्याचबरोबर त्याला पुढच्या दहा मिनिटांत परत जायचे असते. चार वाक्ये जास्त बोलून, पोलिसांना थोडे दूर उभे करून, अंगावरचा सदरा वर करायला सांगून हा प्रश्न विचारला, तर त्याला वेगळे उत्तर मिळू शकते.

निरीक्षक दंडाधिकाऱ्यांची बाजू घेतात: “सकाळच्या बोर्डावर ढीगभर प्रकरणं, त्यात दुपारी रिमांड. वेळ कुठून आणणार? आणि आमच्याकडे तरी वेळ कुठं आहे? सकाळी बंदोबस्त, दुपारी कोर्ट, संध्याकाळी मंत्र्यांचा दौरा, रात्री तपास. न्यायवैद्यक अहवाल यायला महिने लागतात. माझ्या हाती राहतो तो माणूस, आणि त्याची कोठडी.” हे समर्थन नाही, पण निदान म्हणून अचूक आहे. साधनांवाचूनचा तपास माणसाच्या अंगावर येतो. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे ही नव्या संहितेच्या कलम १७६(३) मधली तरतूद म्हणूनच मोलाची आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे.

कोठडीच्या हिशेबात नव्या संहितेने केलेला बदल वकिलांना सर्वांत जास्त बोचतो. पोलीस कोठडी, म्हणजे न्यायालयाच्या आवारातल्या भाषेत पीसीआर, एकूण १५ दिवसांचीच. अनुपम कुलकर्णी निकालाप्रमाणे १९९२ पासून ती पहिल्या १५ दिवसांतच घ्यावी लागे; त्यानंतर फक्त न्यायालयीन कोठडी, एमसीआर. आता कलम १८७ प्रमाणे ते १५ दिवस तुकड्यातुकड्यांनी, सुरुवातीच्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागता येतात.

“आरोपी पहिल्याच दिवशी छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात भरती होतो आणि पंधरा दिवस तिथंच काढतो,” निरीक्षक म्हणतात. “आमची कोठडी कागदावरच संपायची. बदल त्यासाठी आहे.”

“एका अशा आरोपीसाठी बाकी सगळ्यांच्या डोक्यावर दोन महिने टांगती तलवार? तुरुंगात गेलेला माणूस निदान आता मार नाही एवढं तरी समजायचा. आणि पोलीस कोठडीचे दिवस शिल्लक आहेत म्हणून जामिनाला विरोध होतो, ते वेगळंच.”

पोलीस कोठडीची गरज पुढे पडेल एवढेच कारण जामीन नाकारायला पुरेसे नाही, असे संहितेनेच म्हटले आहे; मात्र इतर दृष्टीने आरोपी जामिनास पात्र असला पाहिजे. दवाखान्याचा प्रश्नही खरा होता. पण तो दिवस वगळण्याच्या साध्या नियमाने सुटला असता. त्यासाठी प्रत्येक आरोपीच्या बाबतीत खिडकी उघडी ठेवण्याची गरज नव्हती.

पहिल्या हजेरीला वकील नसेल तर सरकारी खर्चाने वकील देणे बंधनकारक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. १५१०० या क्रमांकावर ती मागता येते. या हक्काची सर्वांत ठाम मांडणी २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलात झाली. २९ ऑगस्ट २०१२ च्या त्या निकालात फाशी कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपी पहिल्यांदा समोर येताच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव देणे हे देशातल्या प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर झाल्यास विभागीय कारवाई व्हावी. ज्याच्याबद्दल कुणालाच कणव नव्हती अशा माणसाच्या खटल्यात हा नियम घट्ट झाला, आणि आज तो पाकीटमारीच्या आरोपातल्या पोरालाही मिळतो.

जामिनाचे कायदे हा स्वतंत्र विषय आहे. अटकेशी थेट जोडलेला भाग म्हणजे डिफॉल्ट जामीन. दहा वर्षे किंवा अधिक, जन्मठेप वा फाशी असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतरांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्हा किती गंभीर, हा प्रश्न तिथे येत नाही. हा हक्क वेळेत मागावा लागतो. अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर तो संपतो. मोक्का आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक जण खटला संपण्याची वाट पाहणारे होते, हे ध्यानात घेतले की या मुदतींचे महत्त्व कळते.

नियम मोडला गेला तर काय? विहान कुमार निकालाप्रमाणे आधार न सांगितल्यामुळे अटक रद्द होते आणि माणूस सुटतो, पण तपास, दोषारोपपत्र आणि खटला यांना धक्का लागत नाही. आधार लेखी देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात. म्हणजे कार्यपद्धतीतल्या चुकीने गुन्हेगार कायमचा सुटतो, ही निरीक्षकांच्या खात्यातली सार्वत्रिक तक्रार तेवढी खरी नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालये नुकसानभरपाई देतात. १९८३ च्या रुदुल शाह आणि १९९३ च्या नीलबती बेहेरा निकालांनी ती वाट घालून दिली. कोठडीत मृत्यू झाला तर दंडाधिकाऱ्याची चौकशी सक्तीची आहे. मात्र छळाविरुद्धचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले विधेयक पुढे व्यपगत झाले. कोठडीतली जखम पोलिसांनीच केली असे गृहीत धरता यावे, ही विधी आयोगाची १९८५ ची शिफारसही नव्या साक्ष्य अधिनियमात आली नाही. बंद खोलीत काय घडले हे सिद्ध करण्याचे ओझे अजून जखमी माणसावरच आहे.

त्यामुळे उरतो तो कॅमेरा. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, ठाणे अंमलदाराचे टेबल, अगदी स्वच्छतागृहाच्या बाहेरची जागा इथपर्यंत, रात्रीही दिसेल आणि आवाजही टिपला जाईल असे कॅमेरे लावण्याचे आदेश दिले. चित्रीकरण १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष जपायचे.

“कॅमेऱ्याला माझी हरकत नाही,” निरीक्षक म्हणतात. “आरोपीनं स्वतःचं डोकं भिंतीवर आपटून घेतलेलं मी पाहिलंय. तेव्हा कॅमेरा असता तर चौकशीतून लवकर सुटलो असतो.”

“मग फुटेज मागितलं की कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद होता, असं उत्तर का मिळतं, साहेब?”

निरीक्षकांकडे याचे उत्तर नाही. वकील आता पहिल्याच हजेरीला दंडाधिकाऱ्यांकडे चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज देतात, आणि त्यात कोठडीच्या आधी मागतात ते प्रवेशद्वारावरचे चित्रीकरण. माणूस ठाण्यात किती वाजता शिरला हे त्यात दिसते, आणि अटक पंचनाम्यात लिहिलेली वेळ त्याच्याशी ताडून पाहता येते.